दोन क्लचची गाडी

गाडीचा रंग लगेच ठरला. गिअर ठरायला मात्र संक्रांत तोंडावर आली.

मखमलाबादच्या भिमाजी विधात्यांनी छप्पर उघडणारी गाडी घ्यायची म्हटलं तेव्हा घरात कुणाला ते खरंच वाटलं नाही. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गुलाबाच्या पॉलिहाऊसचा कारभार आता मुलगा योगेश बघायचा आणि तो बरा चालला होता. जुनी गाडी काढून नवी घ्यायची हे ठरलेलंच होतं. योगेशच्या मनात सात माणसांची उंच गाडी होती, गावातल्या निम्म्या घरांपुढे उभी असते तशी.

भिमाजी म्हणाले, "माझ्यासाठी घेणार असशील तर उघडी घे. नायतर राहू दे."

"नाना, आपल्या नाशिकमध्ये? रोडची धूळ बघितली का?"

"धुळीतच जल्म गेला माझा."

"त्यात दोनच माणसं बसतात नीट. मागची सीट नुसती नावाला असते."

"दोनच बसायचीयेत," भिमाजी म्हणाले आणि बायकोकडे बघून उगाच खाकरले.

उज्वलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांना कळलं. हे जीपवर बोलतायत.

ती जीप घरात आली तेव्हा उज्वलाबाईंच्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. देवळालीच्या मिलिटरीच्या लिलावात कुणीतरी घेतलेली, त्याच्याकडून भिमाजींनी उचललेली. वर ताडपत्रीचं छप्पर होतं, ते पहिल्याच उन्हाळ्यात फाटलं आणि पुन्हा कुणी शिवलं नाही. तेव्हा पॉलिहाऊस कुठलं! उघड्या रानात गावठी गुलाब, थंडीत शेवंती आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरायच्या, त्या जीपच्या मागे रचायच्या आणि उजाडता उजाडता पंचवटीत गणेशवाडीच्या फुलबाजारात पोहोचायचं. बाजाराला भिमाजी एकटेच जायचे. उज्वलाबाईंचं काम पाट्या भरण्यापर्यंत.

मग एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर विहिरीतून मोटारीचा पाइप ओढताना भिमाजींचा पाय घसरला आणि डावा हात मनगटात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर. रानात झेंडू पिवळाधमक उभा, आणि गावात त्या दिवसांत रिकामा ड्रायव्हर मिळणं म्हणजे दसऱ्याला रिकामा देव मिळण्यासारखं. पहिल्या दिवशी भिमाजी नुसतेच ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पाट्या भरून झाल्यावर ते जीपमध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, "उज्वले, इकडं ये. शेजारी बस."

धुळीनं भरलेल्या बॉनेटवर त्यांनी आधीच बोटानं रेघा ओढून ठेवल्या होत्या. इथं पहिला, इथं दुसरा, इथं तिसरा, असा मागं घेतला की रिव्हर्स. "स्टिअरिंग मी एका हातानं धरतो. पाय माझेच. मी क्लच दाबला की हं म्हणीन. हं म्हटलं की तू दांडा टाकायचा. त्याच्याआधी नाय, त्याच्यानंतर नाय."

सासू, धोंडाबाई, दारात उभी होती. "बाईमाणूस गाडीचा दांडा धरणार का आता?" ती म्हणाली. मग तिची नजर झेंडूच्या ढिगावर गेली. "धर बाई, धर. फुलं काय कुणासाठी थांबत्यात का?"

पहिल्या दिवशी रामवाडीच्या पुलाच्या चढावर उज्वलाबाईंनी दुसऱ्याऐवजी भलताच गिअर टाकला. जीपनं अशी उडी मारली, की मागची एक पाटी रस्त्यावर सांडली आणि मागून येणारा दूधवाला सायकलीवरून उतरून झेंडू गोळा करू लागला. भिमाजी हसले, ओरडले नाहीत. उज्वलाबाईंना तेवढं पुरलं. आठ-दहा दिवसांत त्यांचा हात बसला. दिवाळीपर्यंत तर हं म्हणायचीही गरज उरली नाही. इंजिनाचा आवाज जरा चढला की भिमाजींचा पाय आणि त्यांचा हात एकाच वेळी हलायचे.

पुढे प्लास्टर निघालं. तरी दांड्यावरचा हात निघाला नाही. भिमाजींनी काढायला सांगितलं नाही, उज्वलाबाईंनी आपणहून काढला नाही, आणि बाजाराला दोघं जाण्याचा रिवाजच पडून गेला. मखमलाबाद नाक्यावर चहा पिणारे लोक म्हणायचे, "विधात्यांची गाडी आली बघा. नवरा चालवतो अन् बायको गिअर टाकती." थंडीत शाल गुंडाळून बसायचं, वरून दव, मागून शेवंतीचा वास, पुढून पेट्रोलचा. बाजारातून परतताना पाट्या रिकाम्या असायच्या आणि रस्ताही. तेव्हा भिमाजी मोठ्यानं गाणी म्हणायचे, अगदी बेसूर. घरात ते कधीच गायले नाहीत.

योगेश झाला तोही काही महिने उज्वलाबाईंच्या मांडीवर त्या जीपमध्ये हिंडला. मग बंद टेम्पो आला, टेम्पोवर ड्रायव्हर आला, जीप पेठकडच्या एका माणसाला विकली. त्या दिवशी ती गेटातून बाहेर पडताना नव्या मालकानं गिअर टाकला तो उज्वलाबाईंना आतल्या खोलीत ऐकू आला. उशिरा टाकला होता.

शोरूम आग्रा रोडला होतं. सनी नावाचा हसऱ्या चेहऱ्याचा पोरगा त्यांना भेटला. त्यानं तिघांना थंडगार काचेच्या खोलीत बसवलं आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर गाडी गरागरा फिरवून दाखवली. दोन दारं, वर कापडी छप्पर, बटण दाबलं की ते मागं घडी होऊन जायचं. गाडी तयार मिळणार नव्हती. आपण सांगू तशी ती कारखान्यात बनणार आणि जहाजानं येणार. सनीनं रंग दाखवायला सुरुवात केली. गडद लाल आला तसे नवरा-बायको दोघंही एकदम म्हणाले, "हा." गावठी गुलाब सकाळी उमलायच्या आधी असतो तसा तो रंग होता.

"मस्त! आता गिअरबॉक्स," सनी म्हणाला. "मॅन्युअल देऊ की ड्युअल क्लच ऑटोमॅटिक?"

"दांडा असतो तो," भिमाजी लगेच म्हणाले.

योगेशनं कपाळाला हात लावला. "नाना, तुमचा गुडघा."

"गुडघ्याला काय धाड भरली?"

धाड चांगलीच भरली होती. डावा गुडघा गेली दोन वर्षं सुजत होता. जिना चढताना ते कठड्याला लोंबकळायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि भिमाजी पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी करत होते.

उज्वलाबाईंनी सनीला विचारलं, "ड्युअल क्लच म्हणजे काय? दोन क्लच? एक दाबायला होत नाही तिथं दोन?"

सनी हसला. "नाही काकू, तुम्हाला एकही दाबायचा नाही. क्लचचं पेडलच नसतं. आत दोन क्लच असतात. समजा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चाललीय. ती एका क्लचवर. त्याच वेळी दुसऱ्या क्लचवर तिसरा गिअर लावून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की पहिला क्लच सोडतो, दुसरा धरतो. मधे गाडीला झटका बसत नाही. कळतसुद्धा नाही."

"म्हणजे एकाचं चालू असतानाच दुसरा पुढची तयारी करून बसलेला."

"बरोबर!"

भिमाजी म्हणाले, "हातात दांडा नसला तर गाडी चालवली काय अन् पालखीत बसलो काय. आपल्याला नको."

"नाना, तुमची स्कूटर बिनगिअरचीच आहे की," योगेश म्हणाला.

"स्कूटर गाडी असती का?"

शेवटी सनीनं मध्यममार्ग काढला. दाखवायला मुंबईहून आलेली एक गाडी होती, नेमकी दांड्याची. "काका, एक चक्कर मारून बघा. ऑर्डर कारखान्यात जायला संक्रांतीपर्यंत वेळ आहे. तोवर गिअर बदलता येईल. ऑर्डर गेली की मग नाही."

योगेश कागदपत्रं बघत शोरूममध्येच थांबला. सनी मागच्या चिमुकल्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसला, पुढे भिमाजी आणि डावीकडे उज्वलाबाई. छप्पर मागं गेलं तसं हिवाळ्यातलं कोवळं ऊन अंगावर आलं आणि भिमाजींचा चेहरा एकदम बदलला. गंगापूर रोडपर्यंत त्यांनी गाडी झोकात नेली. लोक वळून बघत होते. एका स्कूटरवरच्या दोन पोरींनी हात केला, तर भिमाजींनीही केला.

गर्दी लागली तसा गुडघा बोलू लागला. चार पावलं जायचं, थांबायचं, परत चार पावलं. दर वेळी क्लच. उज्वलाबाईंना त्यांच्या जबड्यावरून कळत होतं. एका सिग्नलला हिरवा दिवा लागला, त्यांनी पाय सोडला आणि तो मधेच लटकला. गाडी आचका देऊन बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. त्यांनी पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. कपाळावर घाम आला. डावा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि तिथंच दाबून राहिला.

"काका, मी घेऊ का?" मागून सनी म्हणाला.

भिमाजींनी गुडघ्यावर हाताचा जोर दिला, हाताच्या आणि पायाच्या बळानं क्लच खाली रेटला आणि म्हणाले, "हं."

उज्वलाबाईंचा हात दांड्यावर होता. तो तिथं कधी गेला हे त्यांनाही कळलं नव्हतं. पहिला पडला. गाडी सरकली. "हं." दुसरा. "हं." तिसरा. जीपचा दांडा लांब आणि आडमुठा होता, हा आखूड आणि लोण्यासारखा, पण जागा त्याच होत्या. सिग्नल मागं पडला, हॉर्न मागं पडले. मागच्या सीटवर सनी तोंड उघडं टाकून दोघांच्या मधून पुढे बघत होता.

सोमेश्वरला नदीकाठी त्यांनी गाडी उभी केली. सनी फोन करायला लांब गेला. भिमाजी दाराला टेकून उभे राहिले आणि मोठ्यानं हसले. डोळ्यांत पाणी आलेलं होतं, ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसलं.

"बघितलंस का? तसूभर फरक नाय. हातात बसलंय तुझ्या. म्हणून म्हणत होतो, दांडा पाहिजे. तुझ्यासाठीच म्हणत होतो."

तो पुलावरचा झेंडू, ती शाल, ती बेसूर गाणी, सगळं उज्वलाबाईंच्याही डोळ्यांपुढून एकदम गेलं होतं. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट वर आली होती.

"मला पण बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "खरंच बरं वाटलं. पण मला आता गिअर टाकायचा नाही."

"मग?"

"मला गाडी चालवायचीय."

भिमाजी बघतच राहिले. "तुला? आता?"

"तेव्हाच चालवायची होती. एकदा म्हणाले होते तुम्हाला. धरणाच्या भिंतीपाशी आपण थांबलो होतो, पाट्या रिकाम्या होत्या, रस्ता मोकळा होता. म्हटलं होतं, तुम्ही उतरा, मला बसू द्या तिथं. तुम्ही म्हणाला, दांडा टाकतीस तेवढं पुरं की."

"मी म्हणालो?"

"हो."

"मला नाय आठवत."

"नसेल आठवत. माझा काही राग नाही. तुम्ही हसत म्हणाला होता, मीसुद्धा हसले होते. पण रोज बाजाराला जाताना मनात यायचं, एकदा तरी उजवीकडं बसावं."

भिमाजी नदीकडे बघत राहिले. त्या दिवसांची त्यांची आठवण म्हणजे दोघांची एकच आठवण, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. शेजारच्या सीटवरून तीच सकाळ निराळी दिसत असेल हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. परत येताना गाडी सनीनं चालवली. मागच्या सीटवर भिमाजींना बसता येईना, म्हणून तिथं उज्वलाबाई बसल्या.

भिमाजी रागावले नव्हते, पण घरी गाडीचा विषय टाळत होते. योगेशनं विचारलं तर म्हणाले, "संक्रांतीपर्यंत टाइम हाय ना? मग."

उज्वलाबाई मात्र थांबल्या नाहीत. पंचवटीत लताबाई नावाच्या एका बाईचा ड्रायव्हिंग क्लास होता, तिथं त्यांनी नाव घातलं. लताबाई पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, आवाज रिक्षावाल्यांनाही गप्प करणारा. क्लासची गाडी दांड्याची होती. पहिल्याच दिवशी लताबाई चक्रावल्या.

"काकू, तुम्ही याआधी चालवलीय."

"नाही."

"खोटं नका सांगू. दांड्याकडं बघत पण नाही तुम्ही. गिअर कुणी शिकवला?"

"मालकांनी."

"अन् क्लच नाही शिकवला?"

उज्वलाबाईंना काय सांगावं कळेना. हाताला सगळं आठवत होतं, पायाला काहीच माहीत नव्हतं. डावा पाय कधी धपकन सुटायचा, कधी घाबरून दाबलेलाच राहायचा. गाडी पंचवटी कारंजाजवळ बंद पडायची, भाजीबाजाराच्या तोंडाशी बंद पडायची, रिक्षावाले बाजूनं वाकून बघत जायचे. संध्याकाळी घरी आलं की पिंढरीला गोळा आलेला असायचा. तेल चोळताना त्यांच्या मनात यायचं, आपण दांडा टाकत होतो तेव्हा हे सगळं त्या बाजूला कुणीतरी निमूट करत होतं. गाडीला झटका बसू नये, शेजारी मांडीवर पोर झोपलंय, म्हणून किती हळू पाय सोडत असतील. ते आपल्याला कधी दिसलंच नाही. आपल्याला वाटायचं, गिअर आपण टाकतो.

भिमाजी त्यांना स्कूटरवरून क्लासला सोडायचे आणि न्यायला यायचे. मधल्या वेळात क्लासबाहेरच्या टपरीवर चहा पीत उभे राहायचे. संक्रांत दोन दिवसांवर आली असताना एकदा लताबाईच म्हणाल्या, "काका, रोज बाहेर काय उभे राहता? बसा मागं. काकूंची भीड पण मोडेल."

भिमाजी मागं बसले, पाय लांब करता यावा म्हणून जरा तिरके. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोच्या पाठीमागं बसले होते. तिचा अंबाडा, कानामागचे पिकलेले केस, स्टिअरिंग घट्ट धरलेले हात. गाडी मालेगाव स्टँडकडून रामवाडीच्या पुलाकडे निघाली. चढ लागला तसा इंजिनाचा आवाज बदलला. गिअर उतरवायला पाहिजे होता.

"हं," भिमाजी म्हणाले.

सवयीनं आलं तोंडातून. उज्वलाबाईंचा हात तितक्याच सवयीनं गेला. पण क्लचवरचा पाय कुणाचा? त्यांनी तो दाबलाच नव्हता. गिअरबॉक्समधून असा आवाज आला, की फुटपाथवरचा माणूस दचकून बाजूला झाला. गाडी आचके देत चढाच्या मध्यावर उभी राहिली.

"काका!" लताबाई कडाडल्या. "मागं बसून शिकवणी घ्यायची नाही! गप्प बसा नाहीतर उतरा!"

आधी उज्वलाबाईंना हसू फुटलं. मग भिमाजींना. दोघं हसत राहिले, मागचे हॉर्न वाजत राहिले, आणि लताबाई एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिल्या. शेवटी उज्वलाबाईंनी डोळे पुसले, क्लच दाबला, पहिला टाकला आणि पाय इतका हळू सोडला, की गाडी पुलाच्या चढावरून पाण्यासारखी पुढं गेली.

पुलापलीकडे लताबाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि त्या ओळखीच्या दुकानात काहीतरी आणायला गेल्या. गाडीत दोघंच उरली.

"मी मागं बसून पाय दाबत होतो," भिमाजी म्हणाले. "गुडघा ठणकायला लागला तेव्हा कळलं."

"मला आरशात तुमचा चेहरा दिसत होता."

उज्वलाबाई समोर बघत म्हणाल्या, "मी पण विचार करते हो. त्या दोन क्लचच्या गाडीत तुमचा पाय पण नाही अन् माझा हात पण नाही. दोन्ही गेलं. वाईट वाटतं त्याचं."

"मग दांड्याची घेऊ. तू शिकतीच आहेस."

"माझा पाय आता या वयात शिकून शिकून किती शिकणार? अन् तुमचा गुडघा उद्या काय म्हणेल? दांड्याची घेतली तर शेवटी योगेश चालवेल अन् आपण दोघं घरी बसू. मला ती गाडी फिरवायचीय. जीपवरचे ते दिवस आपले होते ते होते, ते काही कुणी नेत नाही आता."

भिमाजींनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि सनीचा नंबर लावला.

"सनी, मी विधाते बोलतो. ते दोन क्लचवालं लिही."

पलीकडून सनीचा आवाज गाडीभर ऐकू आला. "नक्की ना काका? आज मी पाठवतोय. नंतर बदल नाही हं."

"नक्की. अन् ऐक, गाडी तुझी काकू चालवणार हाय. चाव्या तिच्या हातात द्यायच्या. फोटो काढशील तोबी तिचाच."

उज्वलाबाईंनी लायसनची परीक्षा दांड्याच्या गाडीवरच दिली आणि एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाल्या. उन्हाळ्यात भिमाजींनी मुकाट्यानं गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. गाडी आली गणपती उठल्यावर. आठवडाभर सगळा गाव ती बघायला येत होता. बटण दाबून छप्पर उघडायचं काम कुणी कुणी केलं याला गणती नव्हती. भिमाजींनी चालवून पाहिली. त्यांचा डावा पाय सारखा पेडल शोधायचा आणि नुसत्या पत्र्यावर आपटायचा. "मऊ चालती," ते उतरून म्हणाले. "पण पंगतीत वाढपीच काढून घेतल्यासारखं वाटतं. जेवण येतं, कोण वाढतं दिसत नाय." त्यानंतर त्यांनी किल्ली फारशी मागितली नाही.

दसऱ्याला पॉलिहाऊसमधून मान वर काढायला फुरसत नव्हती. भाऊबीजेला मात्र उज्वलाबाई म्हणाल्या, "मी नामपूरला जाते. गाडी घेऊन."

नामपूर त्यांचं माहेर. तिथं धाकटा भाऊ, पुंजा, कांद्याची शेती करायचा. इतक्या वर्षांत त्या माहेरी एसटीनं गेल्या, टेम्पोत बसून गेल्या, मुलाच्या गाडीनं गेल्या. आपल्या हातानं कधी गेल्या नव्हत्या. योगेश म्हणाला, मी येतो बरोबर. भिमाजी म्हणाले, "जागा कुठं हाय तुला? दोघांची गाडी हाय."

सकाळी निघाले. शहरातून बाहेर पडेपर्यंत छप्पर लावलेलं होतं, मग उज्वलाबाईंनी ते उघडलं. डोक्याला रुमाल, डोळ्यांना आरोहीचा काळा चष्मा. आरोही म्हणजे नात, तिनंच तो बळेबळे घातला होता. हवेत गारवा उतरायला लागला होता. दोन्हीकडं नुकता लागलेला कांदा, मधे मक्याचे पेंढे. समोर ट्रक आला की गाडी आपणच गिअर उतरवायची, ट्रक मागं पडला की चढवायची. झटका नाही, आवाज नाही. उज्वलाबाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

भिमाजी सुरुवातीला शेजारी बसून सूचना देत होते. समोर बघ. डावीकडं मोटरसायकल हाय. हॉर्न दे. देवळा येईपर्यंत सूचना कमी झाल्या. सटाण्याच्या अलीकडं एकदम बंदच झाल्या. उज्वलाबाईंनी बघितलं तर भिमाजींची मान खिडकीकडं कललेली, तोंड थोडं उघडं, आणि ते गाढ झोपलेले.

त्यांना गाडीत झोपलेलं उज्वलाबाईंनी कधी बघितलं नव्हतं. एसटीतसुद्धा ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून सगळा रस्ता आपणच चालवत असल्यासारखे जागे राहायचे. आता वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते आणि चेहऱ्यावर पहाटे पाट्या भरणाऱ्या माणसाची जी ताठर काळजी कायम असायची ती गेली होती. उज्वलाबाईंनी वेग कमी केला. स्पीडब्रेकर लांबून हेरायला लागल्या.

नामपूर आलं तरी ते उठले नाहीत. पुंजा घरापुढं रस्त्यावर येऊन उभाच होता, बहिणीची वाट बघत. लाल उघडी गाडी बघून तो आधी बाजूला झाला, मग चष्म्यामागची बहीण ओळखून ओरडला, "आक्का! गाडी तं भारी शे!"

उज्वलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, शेजारी झोपलेल्या भिमाजींकडं मानेनं दाखवलं आणि गाडी थांबवलीच नाही.

"कथा जाई ऱ्हायनी? आक्का!"

कुठं चाललीस, असं पुंजा आपल्या अहिराणीत विचारत राहिला, त्यांनी हात हलवला आणि त्या हळूहळू पुढं निघाल्या. पुढचा रस्ता त्यांना ठाऊक होता. बांधाबांधानं जाऊन तो पुन्हा गावाला वळसा घालून येत होता. एक फेरी मारून येऊ, तेवढ्यात उठतील, आणि नाही उठले तर आणखी एक मारू, असा विचार करत त्यांनी गाडी कांद्याच्या वाफ्यांमधल्या त्या निवांत रस्त्याला घातली.